घळी, ओघळी आणि जांभ्याचे कडे: सातारा-सांगलीत अद्भुतरम्य भूदृश्यांचे फोटो काढताना पडणारे प्रश्न

दहिवडी, म्हसवड, आटपाडी, जत, कवठे महांकाळ या भागात ओढ्याच्या काठाला आणि माळाच्या उताराला पावसानं कोरलेल्या भिंती, सुळके, कपारी जागोजागी दिसतात. रोज तिथून शेळ्या घेऊन जाणाऱ्याला त्यात काही नवल वाटत नाही. पण सकाळच्या तिरक्या उन्हात, नीट उंचीवरून पाहिलं तर तीच जागा एखाद्या जुन्या कथेतल्या ओसाड राज्यासारखी दिसते. तो भास फोटोत कसा उतरवायचा, याबद्दल नवे फोटोग्राफर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथं आहेत. साताऱ्याच्या पश्चिमेचे जांभ्याचे कडेही यात आले आहेत, कारण भास वेगळा असला तरी काढण्याची रीत बरीचशी तीच आहे.

आपल्याकडे खरंच ‘बॅडलँड’ आहे का?

बॅडलँड म्हणजे पावसानं कोरून काढलेला उघडा, ओसाड प्रदेश. परदेशी फोटोंत दिसतं तसं, मैलोन्मैल पसरलेलं नाही. तशा प्रदेशाला तीन गोष्टी लागतात: मऊ थरांची माती किंवा खडक, विरळ झाडोरा आणि क्वचित पण जोरानं कोसळणारा पाऊस. अमेरिकेतल्या साउथ डाकोटामधले सुळके असेच मऊ थरांचे आहेत आणि वर्षाला साधारण एक इंच झिजतात. तुर्कस्तानातलं कपाडोकिया ज्वालामुखीच्या राखेच्या खडकात कोरलेलं आहे. लडाखमध्ये लामायुरूला जुन्या तलावाचा पिवळा गाळ उघडा पडला आहे, आणि चंबळच्या घळी नदीच्या गाळात आहेत.

आपल्या पायाखाली मात्र दख्खनचा काळा पाषाण आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर. तो सहजासहजी झिजत नाही. त्यामुळे शोधायचं ते या पाषाणाच्या वर किंवा कडेला जे मऊ साचलं आहे ते. माण, येरळा, अग्रणी या नद्यांच्या आणि त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठाला चुनखडीचे खडे मिसळलेला गाळ असतो, त्यात उभ्या भिंती तुटतात. माळाच्या उतारावर मुरूम असतो, त्यात बारीक ओघळी पडतात. पश्चिमेला पाचगणी, महाबळेश्वर, कास या पठारांवर जांभा असतो. खालची माती मऊ आणि वरचा थर टणक, म्हणून त्याच्या कडा पुढे लोंबतात आणि खाली गुहा तयार होतात.

माणदेशातल्या बहुतेक घळी पुरुषभर, फार तर दोन पुरुष खोल असतात. पुष्कळ जण हे पाहून निराश होऊन परत जातात. माझं मत नेमकं उलट आहे. आपल्या घळी लहान आहेत हीच त्यांची ताकद आहे, आणि ती कशी वापरायची ते पुढच्या उत्तरात सविस्तर सांगतो.

एवढ्याशा घळीतून डोंगररांगांचा भास कसा आणायचा?

या सगळ्या कामातली कळीची गोष्ट हीच आहे.

पाण्यानं झीज होते तेव्हा हातभर ओघळ, पुरुषभर घळ आणि मैलभर दरी यांचे आकार बरेचसे सारखे असतात. मुख्य धार, तिला मिळणाऱ्या उपधारा, मधल्या कण्यासारख्या कडा, पायथ्याला पंख्यासारखी पसरलेली माती, हे सगळं तिन्ही मापांत दिसतं. फोटोत माप सांगणारं काही नसेल तर डोळ्याला फरक कळत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे माप सांगणाऱ्या खुणा फ्रेमबाहेर ठेवणं. गवताची काडी, बाभळीचा पाला, शेळीच्या लेंड्या, बुटाचा ठसा, गुटख्याची पुडी. यातलं एकही फ्रेममध्ये आलं की डोंगर लगेच ढेकूळ होतो. कचरा उचलून खिशात टाका. जिवंत झुडूप मात्र उपटू नका, कॅमेरा सरकवा.

दुसरं काम उंचीचं. डोळ्याच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत घळ घळच दिसते, कारण आपण तिच्याकडे वरून खाली पाहत असतो. कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर आणा. आता कडा आभाळाला भिडतात. ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवा, नाहीतर वाळूची पुरचुंडी करून तिच्यावर कॅमेरा टेका. मोबाइल असेल तर उलटा धरा. लेन्स खालच्या बाजूला येते आणि जमिनीपासून दोन बोटांवर पोचते. इतक्या खाली मोठा कॅमेरा जातच नाही.

तिसरं काम फोकसचं. पुढचा भाग धारदार आणि मागचा अंधुक झाला की पाहणारा लगेच ओळखतो की ही वस्तू लहान आहे. खरा डोंगर पाहताना सगळंच स्पष्ट दिसतं. म्हणून पुढचं-मागचं दोन्ही स्पष्ट हवं. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ मिमी लेन्स, एफ/११ (म्हणजे लेन्सचं छिद्र लहान) आणि फोकस साधारण ८० सेंटिमीटरवर ठेवलात तर ४० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत स्पष्टता मिळते. त्याहून जवळचं काही हवं असेल तर फोकस बदलत दोन-तीन फोटो घ्या आणि घरी जोडा. मोबाइलचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे हे काम तिथं आपोआप होतं.

आणि उन्हाळ्यात पहिला वळीव झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी उघड्या, तिरप्या मातीकडे गुडघे टेकून पाहा. जोरानं पडणारे थेंब माती उडवून लावतात, पण जिथं एखादा खडा असतो त्याच्याखालची माती वाचते. अंगठ्याएवढे खांब उभे राहतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टोपीसारखा एक खडा. एका बाजूला थेंबांचे ओरखडे, दुसरी बाजू गुळगुळीत, कारण पाऊस वाऱ्यासोबत तिरपा आलेला असतो. कपाडोकियाचे प्रसिद्ध खांब मूळ याच तत्त्वावर उभे आहेत: वर टणक, खाली मऊ. मॅक्रो लेन्सनं, खांबांच्या पायथ्याच्या पातळीवरून, मागून ऊन येत असताना काढलेला फोटो दाखवला की लोक पहिल्यांदा विचारतात, हे कुठल्या देशात? ऊन-वाऱ्यानं ते पडायला लागतात, तेव्हा उशीर करू नका.

दिवसातली कोणती वेळ चांगली?

सूर्य उगवल्यापासून पाऊण तास आणि मावळण्याआधीचा पाऊण तास. आपल्या अक्षांशावर सूर्य बराच उभा चढतो, त्यामुळे पाऊण तासात तो क्षितिजापासून दहा अंशांवर पोचतो. दहा अंशांवर असताना सावली वस्तूच्या साडेपाच पटींहून लांब पडते. म्हणजे दहा सेंटिमीटरच्या कडेची सावली जवळपास ५७ सेंटिमीटर. ओघळींचा उठाव या सावल्यांमुळेच दिसतो. नऊ वाजता त्याच जागी उभं राहिलात तर सपाट मुरूम दिसेल.

ऊन पाठीवर घेऊ नका. ते बाजूनं किंवा समोरून तिरकं यायला हवं. उजेडाच्या आधी पोचून जागा पक्की करून ठेवा, कारण सूर्य वर आल्यावर शोधाशोध करायला वेळ उरत नाही.

एक अपवाद सांगतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सांगली-साताऱ्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, शून्य सावलीचे दिवस. त्या वेळी उभ्या भिंतींवर ऊन वरून घासत खाली येतं आणि भिंतीतले आडवे थर आणि खरखरीतपणा फार सुंदर उठून दिसतात. उष्मा भयंकर असतो, पण भिंतींच्या फोटोसाठी ही वेळ सोडू नये.

कोणत्या महिन्यात जावं?

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत, दहिवडीकडे, सरासरी पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात इतका फरक असल्यामुळे ‘साताऱ्याचा सीझन’ असा एक नसतो.

माणदेशासाठी माझी पहिली पसंती एप्रिल-मे. गवत वाळून संपलेलं असतं, जमिनीची हाडं दिसतात, आणि दुपारनंतर वळवाचे ढग उभे राहतात. मागं काळंनिळं आभाळ आणि पुढच्या घळीवर पश्चिमेचं पिवळं ऊन, हे दृश्य दहा-पंधरा मिनिटं टिकतं आणि त्यासाठी आठवडाभर वाट पाहावी. पाऊस पडून गेल्यावर ओला मुरूम गडद तांबडा होतो. तो रंग तासाभरात फिका पडायला लागतो.

जून-जुलैत या भागात ढग पळतात पण पडत नाहीत. शेतकऱ्याच्या जिवाला घोर लागतो, आणि फोटोग्राफरला माळावरून धावणाऱ्या ढगांच्या सावल्या मिळतात. तेवढ्यापुरता उजेडाचा एक कवडसा समोरच्या टेकडीवर यावा म्हणून थांबून राहायचं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसानंतर माळ हिरवा होतो आणि घळी झाकल्या जातात, तेव्हा पश्चिमेकडे जा. डिसेंबर-जानेवारीत कृष्णाकाठाला, वाई-कऱ्हाडकडे, सकाळी धुकं असतं. उंचावरून पाहिलं तर धुक्यातून वर आलेले डोंगरमाथे बेटांसारखे दिसतात.

भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही पाहून ठेवा. उत्तरेकडे तोंड असलेली भिंत हिवाळ्यात जवळजवळ दिवसभर सावलीत राहते. मे ते जुलैमध्ये तिच्यावर सकाळ-संध्याकाळ ऊन येतं.

नेमकं कुठं जायचं?

सर्वांना खुली असलेली ठिकाणं सांगतो.

पाचगणीचं टेबललँड: सपाट माथ्यापेक्षा त्याच्या कडा आणि खालच्या गुहा पाहा. जांभ्यातली छिद्रं, लोंबणारे कडे, त्यातून दिसणारं खोरं. शनिवार-रविवार टाळा. महाबळेश्वरजवळचा केट्स पॉईंट: पाषाणात आरपार भोक पडलेलं आहे, त्याला कुणी हत्तीचं डोकं म्हणतं, कुणी नीडल होल. इथं रुंद लेन्सपेक्षा मध्यम टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, बरी. आर्थर सीटवरून सावित्रीच्या खोऱ्यात उतरणारे कड्यांचे थर मोजता येतात इतके स्पष्ट दिसतात.

पूर्वेकडे वर्धनगड, महिमानगड, वारूगड हे किल्ले. इथं चढायचं ते तटबंदीसाठी कमी आणि दूरवर एकामागं एक पडलेल्या उघड्या टेकड्यांसाठी जास्त. ७०-२०० लेन्सनं त्या रांगा एकमेकींवर रचल्यासारख्या दिसतात. शिखर शिंगणापूरच्या आसपासची शंभू महादेवाची रांगही अशीच. माणगंगेवरचा राजेवाडी तलाव उन्हाळ्यात आटला की त्याच्या काठाची भेगाळलेली जमीन पाहण्यासारखी असते. सांगलीकडे मिरज-कवठे महांकाळच्या मधला दंडोबाचा डोंगर.

कासचं पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. फुलांच्या हंगामात प्रवेश मर्यादित असतो आणि आधी नोंदणी करावी लागते. तिथल्या उघड्या जांभ्यावर दिसणारी पातळ माती आणि त्यातली बारीक फुलं पायाखाली गेली तर परत यायला फार काळ लागतो. आखलेल्या वाटेवरूनच जे मिळेल ते घ्या.

ओढ्याकाठच्या घळींचे पत्ते मात्र देत नाही. त्या बहुतेक कुणाच्या तरी बांधाला लागून आहेत. शोधायची रीत सांगतो: उपग्रह नकाशावर माण, येरळा, अग्रणी यांना मिळणारे ओढे उगमाकडे पाहत जा. जिथं फांद्यांसारख्या फिक्या रेषा शेताच्या कडेत घुसलेल्या दिसतात तिथं घळ आहे.

मोबाइलवर चालेल का?

दिवसाउजेडी, हो. रात्री नाही.

कॅमेरा असेल तर कोणती लेन्स आधी घ्यावी?

पैसे एकाच लेन्सपुरते असतील तर टेली घ्या, रुंद नव्हे. सगळे उलटं सांगतात, पण आपल्या भागात क्षितिजावर विजेचे खांब, पवनचक्क्या, पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे मनोरे असतात. रुंद लेन्समध्ये ते सगळे येतात. टेलीनं हवा तेवढाच तुकडा उचलता येतो. १८-५५ ची कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स रुंद कामाला पुरते, फक्त कॅमेरा खाली न्या.

पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) उपयोगी पडतो, विशेषतः ओल्या दगडावरची चमक काढायला. पण रुंद लेन्सवर लावला तर आभाळ अर्धं गडद, अर्धं फिकं होतं. फुंकणी बरोबर ठेवा. मुरमाची धूळ रुमालानं पुसू नका, काचेवर ओरखडे पडतात. आधी फुंकून उडवा.

आभाळ पांढरं फटक येतं आणि दगड काळाकुट्ट. काय करू?

काळा पाषाण आणि सकाळचं आभाळ यांच्यातलं अंतर एका फोटोत मावत नाही. रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, पाहत आभाळ जळू देऊ नका, आणि ट्रायपॉडवर दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) फरकानं तीन फोटो घेऊन ठेवा. जोडताना सावल्या पूर्ण उजळू नका. काय दडलंय ते कळू नये अशी थोडी काळोखी राहू द्या. अद्भुतपणाचा अर्धा भाग त्या न दिसणाऱ्या कोपऱ्यांत असतो.

मातीचा रंग डोळ्यांना दिसतो तसा येत नाही.

कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप जुळवणारी सोय, सकाळच्या तांबूस उजेडाला ‘दुरुस्त’ करून टाकतं. डेलाइटवर, म्हणजे ५,५०० केल्विनच्या आसपास, पक्कं ठेवा. मग उन्हातला मुरूम तांबडा आणि सावलीतला निळसर येईल. तो निळसरपणा काढू नका, सावलीवर खरोखरच निळ्या आभाळाचा उजेड पडलेला असतो. तांबडा-निळा हा जोडच फोटोला वेगळ्या जगात नेतो.

सॅच्युरेशनची पट्टी ओढून भडक केलेला केशरी मुरूम मला सोसत नाही. लोहामुळे आलेला आपल्या मातीचा रंग गेरूच्या जवळचा, जरा तपकिरी आहे. तो जपा.

रात्रीचे फोटो कसे काढू?

पौर्णिमेच्या चार दिवस अलीकडे-पलीकडे चांदण्यात घळ काढून पाहा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००, एफ/४, १० ते २० सेकंद इथून सुरुवात करा. फोटो दिवसासारखा उजळू शकतो, तसा उजळू नका.

आकाशगंगा हवी असेल तर अमावस्येच्या आसपास, मार्च ते मे. धनु-वृश्चिकेकडचा तिचा तेजस्वी भाग मार्चमध्ये पहाटे आणि मेमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास आग्नेयेला-दक्षिणेला असतो. रुंद लेन्स, एफ/२.८, २० सेकंद, आयएसओ ३,२००. सांगली-मिरज आणि कऱ्हाडच्या उजेडापासून दूर, जत किंवा म्हसवडच्या बाजूला आभाळ अजून चांगलं आहे. पवनचक्क्यांचे लाल दिवे मात्र सगळीकडून दिसतात, ते एखाद्या टेकडीआड घ्या.

रात्री एकट्यानं जाऊ नका आणि जवळच्या वस्तीवर सांगून जा. अंधारात माळावर फिरणारा दिवा दिसला तर लोक काठ्या घेऊन येतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

जमीनमालकाची परवानगी कशी मागायची?

आधी भेटा, मग कॅमेरा काढा. “रामराम मामा. ह्या ओढ्याकडंला सकाळी फोटो काढावं म्हणतोय. पिकात पाय घालत नाही, तासाभरात निघतो.” एवढं पुरतं. आबा, तात्या, अण्णा, वयाप्रमाणे. बहुतेक ठिकाणी चहा मिळतो.

एक गोष्ट शहरातून आलेल्यांच्या लक्षात येत नाही. ट्रायपॉड लांबून मोजणीच्या यंत्रासारखा दिसतो. रस्ता, कालवा, पवनचक्की यासाठी जमीन जाईल ही धास्ती या भागात खरी आहे. कुणी तणतणत आलं आणि “कसली मोजणी चाललीय?” म्हणालं तर चिडू नका. कॅमेऱ्यातले फोटो दाखवा. स्वतःच्याच घळीचा असा फोटो पाहून माणूस गप्प होतो, मग पुढची जागा तोच दाखवतो.

फोटोत माणूस घ्यावा का?

माप लपवायचं असेल तर नाही. पण पाचगणीच्या कड्यावर किंवा माणदेशातल्या मोठ्या माळावर एक लहानसा माणूस दृश्याला खोली देतो. तो कड्याच्या काळोखावर नको, आभाळाच्या किंवा धुक्याच्या पट्ट्यावर हवा, नाहीतर दिसतच नाही.

घोंगडं पांघरलेला मेंढपाळ सगळ्यांनाच हवा असतो. त्याला विचारल्याशिवाय काढू नका आणि “इकडं वळा, काठी वर धरा” असं नाचवू नका. तो कामावर आहे. वाडा (मेंढरांचा मुक्काम) कुठं बसलाय ते विचारून ठेवा आणि प्रिंट पोचवा. मोबाइलवर पाठवलेला फोटो फोनबरोबर हरवतो, प्रिंट घरात लागते.

ही धूप म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान. ते सुंदर म्हणून दाखवणं बरोबर आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा मला आदर वाटतो.

घळ शेतात शिरते तेव्हा माती जाते, आणि बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. १९७२ च्या दुष्काळात या भागातल्या लोकांनी दुष्काळी कामांवर दगड फोडले, पाझर तलाव आणि नालाबांध बांधले. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची पाणलोट कामांची पहिली वॉटर कप स्पर्धा ज्या तीन तालुक्यांत झाली त्यात कोरेगाव होतं, पुढं माण-खटावच्या गावांनी चर खोदण्यासाठी उन्हातान्हात श्रमदान केलं, आणि २०१८ ची स्पर्धा माण तालुक्यातल्या टाकेवाडीनं जिंकली. ही माणसं घळी बुजवण्यासाठी झटतात. तिथं आपण घळ किती छान आहे म्हणत उभे राहतो.

तरी मी फोटो काढतो, आणि काढावेत असं माझं म्हणणं आहे, काही अटींवर. बांधाचा एकही दगड चौकटीच्या सोयीसाठी हलवायचा नाही. कडेवर चढून ती ढासळवायची नाही. फोटोखाली खरं लिहायचं: हा ओढा आहे, ही गेलेली माती आहे. आणि त्याच जागेवरून पुढच्या वर्षीही फोटो काढायचा. एकाच जागेचे वर्षावर्षाचे फोटो ग्रामपंचायतीला दिले तर घळ किती सरकली हे डोळ्यांनी दिसतं, पाणलोटाचं काम मागताना त्याचा उपयोग होतो. डोंगरउतारावरचे सलग समतल चरही फोटोला फार चांगले आहेत. पहिल्या पावसानंतर त्यांत पाणी साठतं आणि सकाळी सगळा डोंगर चंदेरी रेषांनी आखलेला दिसतो.

कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींबद्दलही हेच. पांढरा थर, मेलेली झाडं, परग्रहावरची वाटावी अशी जागा. ती कुणाची तरी पडीक झालेली उसाची शेती आहे. मालकाशी बोलल्याशिवाय तिथं जाऊ नका.

धोके कोणते?

घळीच्या अगदी कडेवर उभं राहू नका. चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या मातीत पाणी आतून बोगदे पाडतं. वरून जमीन भक्कम दिसते आणि खाली पोकळ असते. कडेपासून दोन-तीन पावलं आत एखादं वाटीएवढं गोल भोक दिसलं तर तिथं खालची माती गेलेली आहे, मागं फिरा. पावसानंतर दोन दिवस लोंबत्या भिंतीखाली बसू नका. वर डोंगरात पाऊस दिसत असेल तर ओढ्याच्या पात्रात उतरू नका.

मुरमाड माळावर दगडाखाली फुरसं असतं. खाली झोपून फोटो काढायची सवय असलेल्यांनी आधी काठीनं जागा चाळवावी, दगड हातानं उचलू नयेत, कपारीत हात घालू नये. घोट्यावर येणारे बूट घाला. वेड्या बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो. साप चावलाच तर गंडेदोरे न करता थेट सरकारी रुग्णालय.

वळवाच्या ढगांचे फोटो काढताना गडगडाट ऐकू यायला लागला की ट्रायपॉड मिटवा आणि गाडीत बसा. उघड्या माळावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता.

कृष्णेच्या दरडींचे, पुरानं कापलेल्या गाळाच्या थरांचे फोटो सुंदर येतात. पण औदुंबर, भिलवडी ते सांगली या पट्ट्यात मगरी आहेत आणि त्यांनी माणसांवर हल्ले केलेले आहेत. पाण्यालगत वाकून कॅमेरा लावू नका. दरडीचा फोटो पुलावरून टेलीनं घ्या.

भिंतींमध्ये पक्ष्यांची घरटी असतात का?

असतात. वेडे राघू मार्च ते जूनमध्ये मातीच्या उभ्या भिंतीत भोकं पाडून घरटी करतात, मोठी घुबडं कपारीत बसतात. भिंतीत गोल भोकं दिसली आणि समोरच्या तारेवर तोंडात किडा धरून पक्षी बसून राहिला असेल, तर तो तुमच्यामुळं आत जात नाहीये. लगेच बाजूला व्हा. लांडग्याचं बीळ दिसलं तर कुणालाही सांगू नका.

ड्रोन उडवू का?

ओघळींची फांद्याफांद्यांची नक्षी वरूनच खरी कळते, त्यामुळे मोह होतोच. ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर ती जागा हिरव्या पट्ट्यात आहे का ते आधी पाहा. अभयारण्यात, धरणाजवळ परवानगीशिवाय अजिबात नाही. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, तिथं ड्रोन नेऊच नका. मधमाश्या खाली उभ्या असलेल्या लोकांवर येतात.

एडिटिंग किती करावं? आभाळ बदललं तर?

उजेड-सावली कमीजास्त करणं, कडांना थोडी चमक देणं, एक प्रत धूसर करून हलकेच वर पसरवणं, हे मी करतो. त्यानं सकाळचा तरल भास वाढतो. दुसऱ्या ठिकाणचं आभाळ, मोठा केलेला चंद्र, उडता गरुड घालायचा असेल तर ते वेगळं काम आहे. करा, पण ‘जुळवलेलं चित्र’ असं खाली लिहा. बऱ्याच स्पर्धांत ते चालत नाही. शिवाय नव्या आभाळातला उजेड डावीकडून आणि घळीतल्या सावल्या उजवीकडून आल्या असल्या की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकतं.

वळवाचं खरं आभाळ कुठल्याही तयार आभाळापेक्षा भारी असतं. त्यासाठी थांबा.

फोटो टाकताना ठिकाण सांगावं का?

कास, पाचगणी, किल्ले: जरूर. ओढ्याकाठची घळ: तालुक्याचं नाव पुरे. फोटोच्या फाइलमधली जीपीएस माहितीही काढून टाका. एक ठिकाण गाजलं की महिन्याभरात तिथं गाड्यांची चाकोरी पडते आणि बांध तुटतो.

प्रिंट काढली तर सगळं काळं येतं.

पडदा मागून उजळलेला असतो, कागद नसतो. घळींच्या फोटोंत सावल्या जास्त, म्हणून फरक जास्त जाणवतो. मॉनिटरचा उजेड निम्म्यावर आणून पुन्हा पाहा, सावल्या अर्धा स्टॉप उचला आणि मोठ्या प्रिंटआधी १२ x १८ इंचाची चाचणी काढा. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर मुरमाचा खरखरीतपणा मरतो, आणि काळ्या भागात खोलीतल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं.